बिनमोटरीची बोट

मी खोटं बोलत न्हाई. हे काय मी मोठेपणानं सांगत न्हाई. ज्या माणसाशी लगीन लागलं त्याच्यासंगं चाळीस वर्सं काढली की खोटं बोलायची सवयच मोडती. आमच्या ह्यांना खोटं बोलता येत न्हाई. आन् खरं कवा बोलू नये, ते तर त्याहून कळत न्हाई.

आता बघा. आमच्या लेकाला, पप्पूला, अमेरिकेत मुलगी झाली म्हणून गेल्या साली आमी दोघं तिकडं निघालो. सून बाळंतीण, तिच्यासाठी मी डिंकाचे लाडू केले. तिच्या घरामागं जरा जागा हाय, म्हणून मेथी, गवार, घेवड्याचं बी फडक्यात बांधलं आन् लाडवाच्या डब्यात तळाला घातलं. बोरी बुद्रुकपासून मुंबईपर्यंत आन् मुंबईपासून तिकडं उतरेपर्यंत कुणाच्या बापाला पत्ता लागला न्हाई. तिकडं एका सायबानं इचारलं, बी-बियाणं काही आणलंय का? मधी एक हिंदी बोलणारी पोरगी उभी केली व्हती. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणले, "हाय ना. लाडवाच्या डब्यात, खाली."

बोटानं दाखवलं वर. सायबानं डबा उपडा केला. बी गेलं, आन् बियासंगं एका डब्यात व्हते म्हणून लाडू बी गेले. घरच्या म्हशीचं तूप व्हतं त्यात, उन्हाळ्याच्या उकाड्यात चुलीपुढं बसून कढवलेलं.

त्या दिसापासनं मी अबोला धरला. जेवायला या, आंघोळीला जा, येवढं चालू व्हतं. पण हे "सारजा, ते बघ" म्हणले की मी मुद्दाम दुसरीकडं बघायची. ह्यांनी उंच इमारत दाखवली, मी चपलेकडं बघितलं. ह्यांनी हरीण दाखवलं, मी पदर झटकला. सून, स्नेहल, हसायची. म्हणायची, "आई, किती दिवस?" मी म्हणलं, लाडू परत येईपर्यंत.

एका रविवारी पप्पूनं आमाला मोठ्या नदीवर नेलं. तिथं धरण व्हतं आन् धरणाच्या कडंनं बोटींची वाट. लोकं लेकराबाळांसकट जाळीला टेकून बोटी बघत उभी. हे गेले बघायला, मी बसले गाडीत, नदीकडं पाठ करून. हे तीन येळा काचेवर टकटक करून गेले. "सारजा, बोट वर चढती गं. एकदा येऊन बघ." मी काच खाली केली न्हाई. चौथ्यांदा हे आलेच न्हाईत. घडलं ते येवढंच, पण त्याचं पुढं गावात जे रामायण झालं ते सांगते.

आमची वावरं कालव्याच्या चारीवर, म्हंजे कालव्यातनं फुटलेल्या मोठ्या पाटावर हायती. बावीस शेतकरी एका चारीवर. कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या वावरात किती वाजता पाणी जाणार, कितीला बंद व्हणार, ह्याची पाळी लावायचं काम तीस वर्सं आमचे हे करत्यात. चारीच्या तोंडाच्या दाराची किल्ली बी ह्यांच्याच खिशात. कागद न्हाई, पावती न्हाई. "रखमाजी नाना म्हणले" म्हणलं की संपलं. दुसऱ्या चाऱ्यांवर पाण्यापायी सख्ख्या भावांची डोकी फुटली. आमच्या चारीवर कवा कुणी फावडं उगारलं न्हाई. ह्या कामाचा कपभर च्या बी कुणी पाजत न्हाई, पण हे काम म्हंजे ह्यांचा जीव.

परत आल्यावर हे मारुतीच्या पारावर बसले आन् सांगायला लागले. मी तिथंच शेजारी गिरणीत दळण घेऊन उभी व्हते.

"नदीला दारं हायती," हे म्हणले. "बोट खालच्या अंगानं येती आन् दोन दारांच्या मधी थांबती. मागचं दार लावत्यात. मंग वरचं पाणी आत सोडत्यात. पाणी भरलं की बोट दोन मजले वर. पुढचं दार उघडलं की निघाली."

कुंडलिकनं इचारलं, "मोटर किती हॉर्सपॉवरची?" कुंडलिकचं वावर आमच्या बांधाला लागून. आमच्यानंतरची पाळी त्याची.

"मोटर न्हाई."

"मंग पाणी वर कसं चढतं?"

"पाणी चढत न्हाई. पाणी खालीच येतं. बोट चढती."

झालं. पारावर जी हसाहसी सुरू झाली ती गिरणीच्या आवाजातबी मला ऐकू आली. कुंडलिक म्हणला, "नाना, आपल्याकडं लाईट गेली तर घागरभर पाणी हिरीतनं वर येत न्हाई. आन् तिकडं घराएवढी बोट बिनमोटरीची जिना चढती?"

हे समजावत गेले आन् लोकं हसत गेली. पप्पूनं मोबाईलवर व्हिडिओ धाडला, तो ह्यांनी सगळ्यांना दाखवला. कुंडलिक म्हणला, "मोबाईलवर काय बी दाखवत्यात. परवा मी आपल्या उसातला बिबट्या मोटरसायकल चालवताना बघितला." त्याचं बी खोटं न्हाई, तो व्हिडिओ मला बी आलेला.

दिवाळीपर्यंत ह्यांचं नाव बोटवाले नाना पडलं. आळेफाट्याला ट्रॅक्टरचं टायर घेऊन गेले तर गॅरेजचा मिस्त्री म्हणला, "पावणं, बोट चढवायची सोडून टायर कुठं घेऊन फिरताय?" म्हंजे बोरीची गोष्ट आळे ओलांडून फाट्यावर पोचली. तिथनं एसटीनं नाशिकला जायला किती येळ लागतो?

आन् मंग एक दिवस कुंडलिकनं भर रस्त्यात मला गाठलं. चार माणसं संगं व्हती. "वैनी, तुमी बी व्हता ना तिथं? तुमी पाहिली का बोट चढताना?"

मी काय म्हणणार? म्हणलं, "मी न्हाई पाहिली."

"बघा," कुंडलिक म्हणला. "घरची बाई न्हाई म्हणती."

सांजच्याला हे जेवायला बसले तवा त्यांच्या कानावर गेलं व्हतं. अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं. म्हणले, "पाहिली म्हणली असतीस तर काय झालं असतं?"

"पाहिली न्हाई तर पाहिली कशी म्हणू? तुमीच लाडू घालवले ना खरं बोलून?"

हे हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. मला लई वाईट वाटलं. एका शब्दाचं काम व्हतं आन् तो शब्द माझ्या तोंडातनं निघंना. चूक माझीच व्हती. त्या दिवशी काच खाली केली असती तर माझं काय झिजलं असतं? पण वाईट वाटलं म्हणून खोटं बोलता येतं व्हय?

कांदे लागून महिना झाला आन् कालव्याला पाणी सुटलं. पाळी लावायला चारीवर सगळी जमली. ह्यांनी तोंडपाठ पाळी सांगायला सुरवात केली तसा कुंडलिक उठला. म्हणला, "मला काही बोलायचंय. राग मानू नका. ज्या माणसाला बोट जिना चढलेली दिसती, त्याला घड्याळाचा काटा कुठं दिसत असंल, देव जाणे. माझी टमाटी दर पाण्याला तहानलेलीच राहत्यात. माणूस बदला."

कुणी हो म्हणलं न्हाई, पण कुणी न्हाई बी म्हणलं न्हाई. तेच ह्यांना लागलं. तीस वर्सांत पहिल्यांदा ह्यांच्या तोंडाकडं बघून लोकं इचारात पडली व्हती.

हे म्हणले, "शनवारी माझी पाळी हाय, आठ ते अकरा. माझ्या वावरात या. बोट चढवून दाखवतो. न्हाई चढली तर मी काम सोडलं."

चारीवरचं सगळ्यात वयस्कर माणूस म्हंजे गेणभाऊ. ते म्हणले, "ठरलं. शनवारी."

मंग तीन दिवस आमच्या वावरात जे काय चाललं ते बघून म्हशीनं बी वैरण खायची थांबवली. आमचं वावर दोन टप्प्यांत हाय. वरचा टप्पा खालच्यापेक्षा दीड हात उंच. त्या उतारावर ह्यांनी न्हाणीयेवढा लांबट खड्डा खांदला, कडंनं मातीच्या गोण्या रचल्या, आत आळेफाट्याहून आणलेला शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरला. वरच्या पाटाकडं एक पत्रा उभा लावला, खालच्या पाटाकडं दुसरा. तीच दोन दारं. वरच्या पाटातनं पाणी आत येणार, बोट उचलणार, आन् वरच्या पाटात जाणार. बोट म्हणून घमेलं घेतलं. माणसं म्हणून घमेल्यात दोन कांदे ठेवले.

मी लांबनं बघत व्हते. खालचा पत्रा ह्यांनी नुसता मातीत खोचला व्हता. मी म्हणलं, "तिथनं पाणी पळंल."

"न्हाई पळत."

"बरं," मी म्हणलं. चाळीस वर्सं आमच्या वावरात दारं धरायचं काम माझं. म्हंजे पाटाचं पाणी एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात वळवायचं, एक दार मोडायचं, दुसरं बांधायचं. हे बांधावर घड्याळ घेऊन उभे आन् मी चिखलात. पण इचारलं कुणी मला?

शनवारी आठला पाणी आलं. दहापर्यंत आमी कांदा भिजवून घेतला. दहाला लोकं जमायला लागली. बावीस म्हणता म्हणता साठ-सत्तर झाली. बाया कडेवर पोरं घेऊन आल्या. आळ्यावरनं दोन गाड्या आल्या, त्यांचा आमच्या चारीशी काही संबंध न्हाई. कुणीतरी भेळ बी आणली. जत्राच म्हणा. ह्यांनी पांढरी टोपी घातली व्हती, इस्तरीची.

पोचल्या पोचल्या कुणी बोट बघंना. गप्पा, तंबाखू, कांद्याची रोपं कुठनं आणली, च्या. मला च्या करायला घरी पळावं लागलं. परत येईस्तोवर साडेदहा झाले.

हे पुढं झाले. "हे खालचं दार," म्हणले. "बोट आत आली. आता लावलं. आता वरचं पाणी आत घेतो." आन् लोकं बघत्यात ह्या हुरुपात वरचा पत्रा एकदम उपसून काढला. पाण्याचा लोंढा आला, घमेलं गिरकी घेऊन पालथं झालं, दोन्ही कांदे बुडाले. खालचा पत्रा आडवा पडला आन् सगळं पाणी खालच्या वाफ्यात.

लोकं हसली. कुंडलिक म्हणला, "कांद्याचा भाव बघता त्यांनी जीवच दिला." मला बी हसू आलं असतं, पण मी ह्यांच्याकडं बघितलं. टोपीवर चिखलाचा शिंतोडा, आन् हातात पत्रा घेऊन हे नुसतेच उभे. तीस वर्सं ज्याच्या शब्दावर बावीस वावरं भिजली त्या माणसाकडं बघून आळ्याची माणसं भेळ खात हसत व्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आन् त्या पाठोपाठ संताप.

मी पातळ वर खोचलं आन् खड्ड्यात उतरले.

"व्हा बाजूला," मी म्हणलं. "दार असं लावत्यात व्हय?"

ह्यांच्या हातातनं वरचा पत्रा घेऊन आधी जागी लावला, मंग खालचा उभा केला. दोन्ही अंगांनी गवताची ढेकळं लावली, बुडाला उसाचं पाचट कोंबलं, वरनं चिखल थापला आन् टाचंनं तुडवून घट्ट केला. घमेलं पुसून तळाला उरलेल्या पाण्यावर ठेवलं. कांदे शोधून परत बसवले. मंग वरचा पत्रा चार बोटं उचलला. चारच. पाणी आवाज न करता आत यायला लागलं.

खालच्या दारातनं थेंब गळंना. घमेलं जरा हललं. मंग वर यायला लागलं.

सुरवातीला कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मंग एक बाई म्हणली, "अगं बया, चढतंय की." माणसं पुढं सरकली. आळ्याच्या एकानं भेळेचा कागद खिशात घातला. घमेलं गोणीच्या पहिल्या थरावरनं दुसऱ्या थरावर आलं. मोटर न्हाई, लाईट न्हाई. कांदे ऐटीत बसलेले. मी दारं आयुष्यभर धरली, पण पाण्यानं असं काही उचललेलं मी पहिल्यांदा बघत व्हते. ह्यासाठी हा माणूस तीन येळा काच वाजवत व्हता, ते मला तवा कळलं.

वरच्या पाटाच्या पातळीला एक वीत राहिली. एकच वीत.

आन् हे घड्याळ बघून म्हणले, "अकरा वाजले."

मला वाटलं येळ सांगत्यात. पण हे चालायलाच लागले, सरळ चारीकडं. तिथं आमच्या पाटाचं तोंड हाय. त्या तोंडावर ह्यांनी फळी टाकली आन् कुंडलिकच्या पाटाची उचलली. आमच्याकडचं पाणी बारीक झालं आन् थांबलं. घमेलं बी थांबलं, वीतभर खाली.

"अहो," मी खड्ड्यातनं वरडले, "येवढं भरू द्या की."

"पाळी संपली."

गेणभाऊ म्हणले, "रखमाजी, पाच मिनटं घे. कोण काय म्हणत न्हाई."

"तुमी म्हणत न्हाई, पण पाणी कुंडलिकचं हाय. अकरा म्हंजे अकरा."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? गुडघाभर चिखलात मी उभी, पत्रा धरून हाताला कळ लागलेली, सत्तर माणसं तोंडाकडं बघत्यात, आन् ह्यांना घड्याळ सुचलं. माझ्या तोंडात अशा शिव्या आल्या की त्या हितं सांगण्यासारख्या न्हाईत.

हे परत आले. घमेल्याकडं बघितलं. म्हणले, "बोट वर गेली न्हाई. मी बोललो व्हतो, काम सोडलं. चारीच्या दाराची किल्ली गेणभाऊंकडं देतो." आन् बंडीच्या खिशातनं किल्ली काढली. मला ते बघवंना.

कुंडलिकच्या पाटातनं त्याच्या टमाट्याकडं पाणी चाललेलं ऐकू येत व्हतं. कुंडलिक पाण्याकडं बघत व्हता, मंग घमेल्याकडं, मंग परत पाण्याकडं. मान खाजवली.

"नाना," तो म्हणला, "आता पाणी माझं ना?"

"तुझं."

"दोन वाजेपर्यंत?"

"दोन वाजेपर्यंत."

"मंग माझ्या पाण्याचं मी काय बी करीन?"

"कर. तुझी पाळी हाय."

कुंडलिक चारीवर गेला. स्वतःच्या पाटावर फळी टाकली आन् आमची उचलली. येता येता कुणाला तरी म्हणला, "बघतोस काय? इथवर आलोय तर बघून जाऊ." मला म्हणला, "वैनी, चार बोटंच ठेवा हां. माझं पाणी हाय, सांडू नका."

पाणी परत आलं. घमेलं वीतभर चढायला बराच येळ लागला आन् तेवढ्या येळात कुणी शिंकलं बी न्हाई. आतलं पाणी आन् पाटातलं पाणी एका पातळीला आलं तसा मी वरचा पत्रा पुरा उचलला. ह्या टायमाला लोंढा न्हाई, काही न्हाई. हातानं जरा ढकललं आन् घमेलं दोन कांदे घेऊन वरच्या पाटात गेलं. बाया त्याच्या संगं संगं चालत सुटल्या.

सगळी माणसं घमेल्यामागं गेली. हे एकटे माझ्याकडं बघत उभे व्हते. मला हात देऊन खड्ड्यातनं वर काढलं.

"पाहिलीस का?" हळूच इचारलं.

"पाहिली."

"आता कुणी इचारलं तर सांगशील?"

"हितली इचारली तर सांगीन. तिकडली मी न्हाई पाहिली."

हे हसले. मंग मी बी हसले. मंग मी म्हणलं, "पुढल्या खेपेला तुमी काच वाजवली की मी खाली उतरीन." हे मला म्हणायचंच व्हतं, कितीक दिवस, पण लाडू आडवे येत व्हते.

गेणभाऊ पाटाच्या त्या टोकाहून परत आले आन् किल्ली ह्यांच्या हातात तशीच ठेवून हाताची मूठ मिटवली. कुंडलिक घमेलं काखंत मारून आला.

"नाना," म्हणला, "ती अठरा मिनटं माझ्या पाळीत पुढं धरा. दोनच्या ऐवजी दोन अठराला बंद करा."

"कुठली अठरा मिनटं?"

"बोटीला दिली ती."

"ती तुझ्या पाळीतली. गेली. दोनला दादाभाऊचं पाणी हाय."

"अहो पण तुमच्याच बोटीला दिली ना मी?"

"चारीला काय ठावं, तू पाण्याचं काय केलं? दोन म्हंजे दोन."

कुंडलिकनं गेणभाऊकडं बघितलं. गेणभाऊ म्हणले, "आता बोल लेका. बदलायचा का माणूस?"

"बदलून काय करू?" कुंडलिक म्हणला. "असला खडूस दुसरा कुठं मिळायचा?" आन् घमेलं माझ्या हातात देऊन तो आपल्या टमाट्याकडं पाणी वळवायला पळाला.